पाखऱ्या दारात उभा राहिला

बुधवार, ८ जानेवारी

सगळ्यांत आधी आली ती सुंदरम्मा. तीच ती, आपल्या अंगणावरून जाताना इतकी वर्षं नाकाला पदर लावणारी शेजारीण. उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "निंगव्वा, पोरगी घोड्यावर बसली काय गं? ह्या डोळ्यानं बघितलं मी, उसाच्या वाटंला. पाखऱ्याच व्हता न्हवं?" मी म्हटलं, "आत ये की, भायेरनं काय इचारतीस." आणि काय सांगू महेश्वरी, आत आली! बसली! चहा प्याली, कपाच्या तळाला घोटसुद्धा ठेवला नाही. तो कप मी दुपारपर्यंत धुतला नाही. ओट्यावर तसाच ठेवला, आल्यागेल्याला दिसावा म्हणून.

तुला आशीर्वाद लिहायचा राहिला, तो हितं घे. मी फोन केला की तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा तिसरीपर्यंतची, त्यातली निम्मी मास्तरणीबाईंचं पोर सांभाळण्यात गेली. तू बारावी शिकलेली आहेस, काना-मात्रा तूच बसवून घे. तुझ्या सृष्टीकडून लिहून घेतलं असतं, पण सगळंच काही पोरीच्या हातून लिहून घेता येत नाही.

तर सुंदरम्मा गेली आणि तिच्या पाठोपाठ ईरप्पा पुजारी. त्यालाही चहा. म्हणाला, "माघ पुनवंला बिरुदेवाची जत्रा. घोडा न फिरता तीन सालं झाली. लोकं इचारतेत." आपल्या घरचा मान, दुसऱ्या घरचा घोडा चालत नाही, दुसऱ्या घरचा स्वार चालत नाही. देवाची पगडी मांडीवर घेऊन आपल्याच रक्ताच्या माणसानं पाखऱ्यावर बसायचं आणि दारोदार जायचं. दारातल्या बाईनं खाली वाकून खुरांवर पाणी घालायचं, गूळ-हरभरा द्यायचा. घोडा उभा राहिला तर घर निर्मळ. बुजून वळला तर घोड्यानं पाठ दिली, त्या बाईत काहीतरी खोट आहे. तुला हे सांगायला नको, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, तुला माहीत आहे.

त्या वर्षी आपल्याच दारात तू तांब्या घेऊन वाकलीस आणि पाखऱ्या मागच्या दोन पायांवर. वर बसलेला माझा गुरुराज, तुझा नवरा, खाली, त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलेलं. हलगी थांबली. मग कुणीतरी ओरडलं, "पाठ दिली! घोड्यानं सुनंला पाठ दिली!" अजून माझ्या अंगावर काटा येतो. डेअरीवाल्यानं दूध घेणं बंद केलं, हळदीकुंकवाला बोलावणी बंद. घर वाचवायचं तर तुला अक्कलकोटला भावाकडं पाठवल्याशिवाय दुसरी वाट नव्हती. पण मी पंचांपुढं काय म्हटलं होतं? ज्या साली घोडा आमच्या दारात उभा राहील, त्या साली सून परत आणू. तुला आठवत असेल. सृष्टीला तर पाठच आहे.

गुरुराज त्या दिवसापासून घोड्यावर चढत नाही. तसाही तो श्रीपूरला कारखान्याच्या उसावर ट्रॅक्टर घेऊन गेलाय. मग राहिलं कोण? मी बसू काय घोड्यावर? ईरप्पा हसला, मीही हसले. सृष्टी दाराआड उभी राहून ऐकत होती. बाहेर आली आणि म्हणाली, "मी बसते. दारात उभा करून दाखवते." सतरा वर्षांची पोर, पण बोलली कशी बघ. बोलताना खालचा ओठ चावायची तुझी सवय तिला लागली होती. ती मी मोडत आणलीय.

तुला आनंद होईल म्हणून कळवलं. तब्येतीला जप. खानावळीत भाकऱ्या थापतेस असं कळलं. हाताला तेल लावत जा.

रविवार, १९ जानेवारी

अगं, काय मज्जा चाललीय इथं! टीव्ही लावायचा मी सोडून दिला. मिसरीची डबी घ्यायची आणि माळाच्या कडेला दगडावर जाऊन बसायचं, सकाळ कुठं जाते कळत नाही.

पाखऱ्या कशाला भितो ते विचार. पांढऱ्या कोंबड्याला भितो. छत्रीला भितो. डबक्यात आभाळ दिसलं की भितो. सुंदरम्मा शिंकली तर शेतभर पळाला, आणि ती म्हणते कशी, "देवाच्या घोड्याला माझी शिंक चालंना व्हय गं?" एवढं तोंड पाडून बसली की मला वाटलं, आता हिलाही माहेरी धाडतात. पोट धरून हसले मी.

गुरुराज एका दिवसापुरता आला होता. चाबूक घेऊनच माळावर गेला. पाणंदीत पडलेल्या पोत्याला घोडा बिचकला, तसे दोन लगावले. सृष्टी मधे गेली. "अप्पा, आता त्यो दोन गोष्टीला भिणार. पोत्याला आन् तुमाला." गुरुराजनं चाबूक तिच्यावर उगारला, मारला नाही. मारला असता तरी मी मधे पडले नसते, बापलेकीत कशाला. तो म्हणाला, डोळ्याला झापडं बांधा आणि न्या. ईरप्पा म्हणाला, चालणार न्हाय. देवाच्या घोड्यानं दोन्ही डोळ्यांनी बघून कौल द्यायचा असतो.

मग पोरीनं आपल्या पद्धतीनं सुरू केलं. तुला सांगते, तू असतीस तर तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, तुझ्या डोळ्यांत लगेच येतं. ती त्याच्या पाठीवर बसते आणि आधी स्वतः श्वास सोडते. लांब. मला म्हणते, "आज्जी, माजं अंग ताठलं तर त्याला वाटतंय, हिला बी दिसलं काय तरी." घोडा बिचकला की लगाम ओढायचा नाही, टाच मारायची नाही, माघारीही फिरवायचं नाही. जिथं बिचकला तिथंच उभं करायचं आणि बघू द्यायचं. बघितलं, मान खाली घातली, ओठ चाटले, की मानेवर हात फिरवायचा, दोन पावलं मागं आणायचं. मग पुन्हा दोन पावलं पुढं. आणि एक नवल ऐक. डाव्या डोळ्यानं एखादी वस्तू ओळखली म्हणून उजव्या डोळ्याला ती ओळखीची नसते! जाताना शहाणा, येताना त्याच पोत्याला वेडा. म्हणून सगळं दोनदा शिकवायचं. ती तुझी कन्नड अंगाई गुणगुणत असते त्याच्या कानाशी. मी म्हटलं, दुसरं काहीतरी म्हण. तर म्हणे ह्याला हेच कळतंय.

खरी गोष्ट पुढं आहे. परवा ईरप्पाच्या शेताकडनं जाताना कांद्याच्या ढिगावर निळं मेणकापड टाकलेलं होतं. वाऱ्यानं त्याचं टोक उडालं, फटाक् वाजलं, आणि पाखऱ्या जो उभा झाला मागच्या पायांवर! अगदी त्या दिवसासारखा. पोरगी पडली नाही. मानेला चिकटून राहिली. घरी आली, घोडा बांधला, माझ्यापुढं बसली.

"आज्जी, अव्वा पाणी घालत व्हती त्या दिवशी, दाराजवळच्या कडब्याच्या गंजीवर काय टाकलं व्हतं?"

"मेणकापड. पावसाचं आभाळ व्हतं की."

"निळं?"

"निळंच."

दोन्ही हात तोंडावर ठेवले तिनं. "आज्जी, त्यो अव्वाला बुजला न्हाय. त्यो कापडाला बुजला." आणि उठून ईरप्पाकडं पळायला लागली. मी दंड धरला. म्हटलं, "बाळा, तोंडानं सांगून गाव ऐकत न्हाय. आधी घोडा उभा करून दाखव. त्या दिवशी मी बोलते." एवढी बिलगली मला, खुळी पोर. तिच्या डोक्याला तुझ्या माहेरच्या तेलाचा वास येत होता. कुठनं आणते कोण जाणे. बाटली शोधून काढली पाहिजे.

तेव्हापासून मेणकापड. आधी हातरुमालाएवढी घडी, गव्हाणीत, त्याच्यावर हरभरा. खायचं तर ह्याच्यावरनंच खा. मग घडी उलगडली. मग जमिनीवर अंथरलं, त्याच्यावरून चालवलं. मग काठीला बांधून स्वतः पुढं ओढत निघाली, तर पाखऱ्या तिच्या मागनं हुंगत हुंगत! म्हणे, वस्तू अंगावर आली तर घोडा पळतो, वस्तूच पळाली तर त्याला धीर येतो. आता पाठीवर बसून तेच मेणकापड त्याच्या दोन्ही डोळ्यांसमोर फडफडवते आणि हा शेळीसारखा उभा.

तिचा फोन मी कपाटात ठेवलाय, जत्रा होईपर्यंत. तू सारखे फोन करतेस, पोरीचं मन उडतं, आणि मन उडालं की घोड्याला लगेच कळतं, हे तिचंच म्हणणं. तू पाठवलेला ड्रेस पोचला. शिवण चांगली आहे. सुंदरम्माच्या नातीला अगदी अंगासरसा बसला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

उभा राहिला! महेश्वरी, पाखऱ्या आपल्या दारात उभा राहिला!

काल रात्रीपासून पेढे वाटतेय. अक्कलकोटच्या एसटीत बसणाऱ्या ओळखीच्या माणसाकडं तुझ्यासाठीही पाव किलो दिले असते, पण तो आधीच निघून गेला.

पहिल्यापासून सांगते. सकाळी सृष्टीनं न्हाऊन पांढरा सदरा घातला, डोक्याला फेटा बांधला. फेट्यात ती हुबेहूब तूच दिसते, उगाच खोटं कशाला लिहू. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आज्जी, कडब्याच्या गंजीवर मेणकापड टाकायचं. त्येच, निळं. एक टोक मोकळं सोडायचं." मी टाकायला लावलं. गुरुराज श्रीपूरवरून आला होता, त्याला काही कळेना. तो म्हणाला, काढा ते. मी म्हटलं, राहू दे, पोरीची हौस आहे.

हलगी, कैताळ, ढोल. भंडारा एवढा उधळला की सुंदरम्माचं पांढरं मांजर पिवळं झालं. प्रत्येक दारात घोडा थांबतोय, पाणी घेतोय, गूळ खातोय. फटाके वाजले, कान नुसते हलवले त्यानं. एक पोरगं छत्री उघडून पुढं आलं, मुद्दाम, तर ह्यानं छत्रीचा वास घेतला! माणसं नुसती बघत राहिली. बायका म्हणत होत्या, लगाम तर ढिला हाय, मग घोडा चालतोय कुणाच्या हुकमानं. देवाच्या, दुसरं कुणाच्या?

शेवटी आपलं दार. सगळी जत्रा मागं दाटलेली. पाण्याचा तांब्या मी घेतला. माझे गुडघे तुला माहीत आहेत, पण वाकले. त्याच वेळी वारा आला, मेणकापड फटाक् फटाक् वाजलं. माझ्या डोक्यावर त्याचं तोंड होतं, श्वास मानेला लागत होता. पाखऱ्यानं उजवा डोळा तिकडं फिरवला, बघितलं, ओठ चाटले आणि माझ्या हातातला गूळ खाल्ला. बिरुदेवाच्या नावानं जे चांगभलं झालं, ते तुला अक्कलकोटला ऐकू आलं असेल.

आणि त्या गलक्यात पोरगी खोगिरावर बसल्या बसल्या ओरडली. "बगा! सगळ्यांनी बगा! त्येच मेणकापड हाय! घोडा ह्याला बुजला व्हता, माझ्या अव्वाला न्हाय! आता तिला आणा!"

मग ईरप्पा पुढं आला. हळू बोलला, पण त्याचं हळू बोलणं लांबवर जातं. "पोरी, मेणकापड त्येच. दार त्येच. घोडा त्योच. मग त्या साली आन् ह्या साली फरक कशाचा पडला? दारात हुभ्या असलेल्या बाईचाच की न्हाय?"

काय बोलला गं! मलासुद्धा सुचलं नसतं. माणसं म्हणायला लागली, व्हय, व्हय. सुंदरम्मा सगळ्यांत मोठ्यानं. "हौदु, हौदु! ती गेली आन् घर निर्मळ झालं!"

"मी शिकवलंय त्याला," सृष्टी म्हणाली. "रोज माळावर. मेणकापडावर हरभरा ठिवून. आज्जीनं बगितलंय."

ईरप्पा हसला. "देवाच्या घोड्याला कोण शिकवतंय, बाळा?" त्यावर सगळीच जत्रा हसली. वाईट हसणं नव्हतं ते, लाडाचं होतं.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. "आज्जी, सांग की. तू बोलणार व्हतीस."

आता तूच सांग महेश्वरी, मी काय बोलणार? तीन वर्षांनी दार उघडलेलं, डेअरीवाला स्वतः नारळ घेऊन उभा, सुंदरम्मा माझा हात धरून. मी पाखऱ्याच्या गळ्यात हार घातला आणि म्हटलं, "घोडा हुभा ऱ्हायला. ह्याच्यावर मी काय बोलू?"

मी पंचांपुढं शब्द दिला होता, खरं आहे. पण तो शब्द दिला तेव्हा मला काय माहीत की तू गेल्यामुळंच घोडा उभा राहणार आहे? आता तुला आणलं आणि पुढल्या साली तो पुन्हा वळला तर? पुन्हा दूध बंद, पुन्हा सगळं. तू समंजस आहेस. तुलाही ते नको असेल. आणि सोडचिठ्ठी तर कोर्टात मागल्या वर्षीच झाली. तू सही करताना म्हणाली होतीस, पंचांच्या समाधानासाठी नुसता कागद आहे, घोडा उभा राहिला की मी परत येणारच. मी तेव्हा मान हलवली होती. आता ती मान कशासाठी हलवली ते कुणाच्या लक्षात राहतं?

सृष्टी रडली नाही. खाली उतरली, मेणकापड गंजीवरून काढलं, चार घड्या घालून काखेत मारलं आणि घोडा आत नेला. जेवायला आली नाही. मी तिच्या आवडीची शेंगापोळी केली होती, तीसुद्धा खाल्ली नाही. फोन दिला परत, तर म्हणाली, आता काय करू त्याचं. होईल नीट. ह्या वयात पोरींना भूक कमीच असते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

तू ईरप्पाला फोन करून रडलीस असं कळलं. असं करू नये गं. जत्रेचा थकवा आहे त्याला.

उद्या महाशिवरात्र, साबुदाणा भिजत घातलाय, तेवढ्यात तुला दोन ओळी लिहिते. दोन ओळी कुठल्या, मला थांबता कुठं येतं. आपल्याकडं पाहुणे येऊन गेले! टेंभुर्णीचे. आधी दारात त्यांची पांढरी मोटार आली, मग मोटारीतून अमृत उतरला. चौकात टायरचा धंदा आहे त्याचा, दाराशी कायम ट्रक उभे. जत्रेला आला होता, घोडा उभा राहिलेला त्यानं डोळ्यांनी बघितलेला. म्हणाला, "मावशी, अशा निर्मळ घरात बहीण द्यायची, एवढंच मनात आहे." मोटारीत मागच्या बाजूला त्याची बहीण. कागदावर विजयमाला, घरात पिंकी. तिशीची असेल. पहिल्या नवऱ्यानं लई मारली म्हणे, डावं मनगट वळत नाही, कप दोन्ही हातांनी धरते. हसताना तोंडावर हात ठेवते. पंखा फिरायला लागला तर दचकली! मी म्हटलं, अगं, आमच्याकडं घोडा बुजरा होता तो शहाणा झाला, तूही होशील. किती हसले सगळे. तीही हसली.

गुरुराज खाली मान घालून बसला होता, पण नको म्हणाला नाही, सोयरीक ठरली. वय आहे, अजून नातवाचं तोंड बघेन मी. तुझ्याकडून एकच झाली, त्याचं मी कधी बोलून दाखवलं नाही, दाखवलं काय?

पिंकीला सृष्टी लई आवडली. "आईविना पोर," म्हणाली आणि स्वतःच्या कानातले काढून तिला देऊ लागली. सृष्टीनं घेतले नाहीत, पण तोंडानं वाईट बोलली नाही. मी धास्तावले होते, खोटं नाही सांगत. पण पोरगी गोड आहे. पाहुणे गेल्यावर आपणहून माझ्यापाशी येऊन बसली आणि विचारलं, "आज्जी, नवी बाई दारात कुठलं लुगडं नेसणार?"

मला तर गहिवरून आलं. मी कपाट उघडून दाखवलं. सोलापूरला चाटी गल्लीत जाऊन आणलेली साडी, लिंबाच्या रंगाची, जरीकाठ एवढा चमकतो की दुपारी डोळे दिपतात. सृष्टीनं हात फिरवला. म्हणाली, "ब्लाऊजपीस दे, बांगड्या जुळवून आणते." घेऊन गेली. त्याला आता आठवडा झाला, बांगड्या काही आल्या नाहीत.

परवा सुंदरम्मा आली, कुजबुजत. ती आता रोज येते, दिवसातनं दोनदा, साखर संपत आली. म्हणाली, "निंगव्वा, तुजी नात माळावर काठीला पिवळं फडकं बांधती आन् घोड्याच्या तोंडावर झाडती. वर फटाकं लावती पायापाशी. मी बांधावरनं बगितलं." मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, तुला काय कळतंय घोड्यातलं? आधी मेणकापडाची सवय लावली, तशी आता नव्या बाईच्या साडीची लावतेय. ऐन दारात बुजू नये म्हणून. वरातीला फटाके वाजणारच, त्याचीही लावतेय. सुंदरम्मा म्हणाली, "पण त्या बारीला हरभरा द्यायची न्हवं का? आता काय देत न्हाय." कुचकट बाई. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही तिला.

पोरगी मेहनत मात्र करतेय, हे खरं. पहाटे नेते, उन्हं चढल्यावर आणते. पाखऱ्या घामानं निथळत येतो, अंगाला फेस. काल मी दारात माझं हळदीचं पिवळं पातळ वाळत घातलं होतं, तर त्यानं दावं तोडलं आणि गोठ्याच्या भिंतीला जाऊन भिडला, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. मी म्हटलं, अगं, हा तर पुन्हा पहिल्यासारखा झाला. सृष्टी म्हणाली, "न्हाय आज्जी. आता त्यो एकाच गोष्टीला भितो." आणि त्याच्या मानेवर हात ठेवायला गेली, तर घोड्यानं मान काढून घेतली. पूर्वी तिच्या हातातनं गूळ खायचा, आता खात नाही. मग ती गोठ्याच्या दारात बसून राहिली, त्याच्याकडं पाठ करून. अंगाई वगैरे काही नाही. बरं झालं, ते गाणं मला आवडत नव्हतंच.

दोन दिवसांत समजेल त्याला. शहाणा आहे तो. आणि सृष्टीनं मला शब्द दिलाय, पाहुणे येतील तेव्हा घोडा तीच दारात उभा करणार, तीच वर बसणार. जत्रेसारखंच सगळं. गाव बोलावलंय. पिंकीनं आत यायच्या आधी त्याच्या खुरांवर पाणी घालायचं, म्हणजे घोड्याचा कौल सगळ्यांदेखत होऊन जाईल आणि उद्या कुणाला बोलायला जागा नको. ईरप्पालाही पटलं. पिंकी लई घाबरली, फोनवर म्हणाली, "मला घोड्याची भीती वाटते, आत्या." मी तिला समजावलं. तू वर बघूच नकोस. ती लिंबाच्या रंगाची साडी नेस, पदर डोक्यावरून घे, दोन्ही हातांनी तांब्या धर, त्याच्या पुढच्या पायांशी खाली वाक आणि पाणी संपेपर्यंत मान वर करू नकोस. मग हो म्हणाली. गरीब आहे बिचारी, सांगेल ते ऐकते.

सृष्टीनं आज तुझा पत्ता विचारला, पाकिटावर मी लिहीत होते तेव्हा. पत्ता बघितला आणि म्हणाली, "अव्वाला लिही, आता तिला कोण नावं ठेवणार न्हाय." बघ, किती समजूत आली पोरीला. हे पत्र तुला शनिवारपर्यंत मिळेल असं पोस्टमन म्हणाला. तू काही येण्याची गडबड करू नकोस, दारात तुला बघून उगाच गोंधळ व्हायचा. पाहुणे रविवारी, दोन मार्चला, सकाळी घोड्याची पूजा व्हायच्या वेळेला पुन्हा येतो म्हणालेत.